कावाऊच्या खाडीत विचारलेला प्रश्न

"दिवसाला किती अँपिअर-अवर लागतात तुम्हाला?"

जानेवारीतली सकाळ होती. आम्ही राहतो त्या न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या उत्तरेला साधारण 45 किलोमीटरवर कावाऊ नावाचं बेट आहे. तिथल्या बॉन अकॉर्ड बंदरात आम्ही रात्री नांगर टाकून झोपलो होतो. सकाळी इंजिनाची किल्ली फिरवली आणि नुसतं 'टक्' झालं. पुन्हा फिरवली, पुन्हा टक्. रात्रभर फ्रिज चालू होता, आणि बॅटरीचा मोठा लाल स्विच 1 किंवा 2 वर असायच्या ऐवजी 'दोन्ही'वर राहिला होता. त्यामुळे दिवे-फ्रिजच्या बॅटऱ्यांबरोबर इंजिन सुरू करायची बॅटरीही उतरली. मुलं आत झोपलेली, दुपारनंतर वारा वाढणार असा अंदाज.

शेजारच्या बोटीवरून सत्तरीचे एक गृहस्थ छोटी होडी वल्हवत आले. मी हाक मारली नव्हती, तो 'टक्' त्यांना पाण्यावरून ऐकू गेला होता. सोबत जंप-स्टार्टचा डबा होता. दोन मिनिटांत इंजिन सुरू झालं. मग आमचा चहा घेताना त्यांनी वरचा प्रश्न विचारला, अगदी साधेपणाने. अँपिअर-अवर म्हणजे किती अँपिअर ओढले आणि किती तास, त्याचा गुणाकार. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मला ते फार लागलं. कारण हे उत्तर आमच्या सांगलीच्या घरात बाबांना तोंडपाठ असायचं. 2005 च्या पुढची लोडशेडिंगची वर्षं आठवा. दोन पंखे, दोन ट्यूब, टीव्ही मिळून 300 वॉट. चार तास म्हणजे 1200 वॉट-अवर, भागिले बॅटरीचे 12 व्होल्ट, म्हणजे 100 अँपिअर-अवर. "शंभर लागतात, तर इन्व्हर्टरला दीडशेची ट्यूब्युलर बॅटरी घ्यायची. पूर्ण पिळली की बॅटरी मरते." दर महिन्याला डिस्टिल्ड वॉटर, टर्मिनलवर व्हॅसलीन. त्या घरात वाढलेला माणूस समुद्रात बायकामुलांना घेऊन जातो आणि त्याला स्वतःच्या बोटीचा हिशोब माहीत नाही.

(बोट म्हटलं की तिकडून लगेच "मजा आहे बुवा" येतं, म्हणून सांगून टाकतो. 28 फुटी, 1980 च्या दशकातली, जुन्या गाडीच्या भावात मिळालेली शिडाची बोट आहे. या शहरात शाळामास्तर आणि प्लंबरही बोटी बाळगतात.)

परत आल्यावर वही घेऊन बसलो. फ्रिज चालू असताना 4 अँपिअर ओढतो आणि अर्धा वेळ चालतो, म्हणजे 24 तासांत 48. खोलीमापक, नकाशाचा पडदा, व्हीएचएफ रेडिओ मिळून 2 अँपिअर, सहा तास, म्हणजे 12. फोन 6. एलईडी दिवे 5. नांगराचा दिवा 2. पाण्याचा पंप 2. एकूण 75. शिशाची बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवू नये, तर टिकते. म्हणजे किमान दीडशेची सोय हवी. आमच्याकडे शंभराच्या दोन होत्या. कागदावर पुरेशा! मग त्या एका रात्रीत का संपल्या?

आता ज्या गोष्टीचा मला अजून राग आहे ती सांगतो. त्या दोन बॅटऱ्यांवर मोठ्या अक्षरांत 'मरीन' लिहिलं होतं आणि खाली त्याहून मोठा आकडा, एमसीएचा (मरीन क्रँकिंग अँप्स). हा आकडा बॅटरी इंजिन सुरू करायला क्षणभर किती जोराचा झटका देते ते सांगतो. सीसीए (कोल्ड क्रँकिंग अँप्स) नावाचा दुसरा आकडा आहे, तो उणे 18 अंशांवर 30 सेकंदांसाठी मोजतात. एमसीए शून्य अंशावर मोजतात. थोडी ऊब मिळाली की बॅटरी जास्त जोर दाखवते, त्यामुळे त्याच बॅटरीचा एमसीए मोठा दिसतो, आणि लेबलावर तोच छापतात. फ्रिजला या दोन्ही आकड्यांशी काही देणंघेणं नाही. झटका देणाऱ्या बॅटरीत पातळ पत्रे पुष्कळ असतात, ती काही सेकंद शेकडो अँपिअर देते आणि लगेच इंजिनावर फिरणारा, वीज बनवणारा अल्टरनेटर तिला भरतो. रात्रभर हळूहळू द्यायला जाड पत्र्यांची डीप सायकल बॅटरी लागते. पहिल्या जातीची बॅटरी वारंवार खोल उतरवली की तिचे पत्रे झडतात. आमच्या फ्रिजवर कुणीतरी पहिली जात बसवली होती, 'मरीन' वाचून. मी दुकानात गेलो तेव्हा काउंटरवरच्या मुलानेही एमसीए दाखवूनच नवी बॅटरी पुढे केली. एएच, म्हणजे अँपिअर-अवर, विचारलं तर लेबल उलटसुलट करून शोधायला लागला. सांगलीत बॅटरी विकणारा पोरगा पहिला प्रश्न "बॅकअप किती तास?" हा विचारतो. इतक्या बोटींच्या शहरात तो प्रश्न मला एका म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारावा लागला.

तेच गृहस्थ पुढच्या शनिवारी मल्टिमीटर आणि लोड टेस्टर (बॅटरीवर भार टाकून पाहायचं यंत्र) घेऊन आमच्या बोटीवर आले. चार्जर काढून रात्रभर सोडलेल्या बॅटऱ्या त्यांनी मोजल्या. 12.7 व्होल्ट म्हणजे भरलेली, 12.2 च्या आसपास निम्मी. एक 12.6 दाखवत होती, पण लोड लावताच कोसळली. नुसत्या व्होल्टवर विश्वास ठेवायचा नाही हे त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. एकच बदलू का, असं मी विचारलं. ते म्हणाले, समांतर जोडीत जुनी नवीला खाली ओढते, दोन्ही एकदम बदला, एकाच जातीच्या, एकाच वयाच्या.

मरीनातले, म्हणजे बोटी बांधून ठेवतात त्या धक्क्यावरचे, निम्मे लोक म्हणाले, लिथियम घे. लिथियम आयर्न फॉस्फेट चांगलीच आहे. शंभरातले ऐंशी सहज वापरता येतात, वजन 12 किलोच्या आसपास, शिशाची 28 ते 30 किलोची. पण आमचा अल्टरनेटर 55 अँपिअरचा आणि जुना. लिथियम मिळेल तेवढा करंट ओढते, त्यात अल्टरनेटर तापून जळेल. चार्जिंग चालू असताना बॅटरीच्या आतल्या संरक्षक यंत्रणेने अचानक वीज तोडली, तर अल्टरनेटरचे डायोड जातील. म्हणजे मधे करंट आवरून देणारा डीसी-डीसी चार्जर हवा, किनाऱ्यावरच्या विजेचा चार्जरही नव्याने सेट करायचा किंवा बदलायचा, शिवाय वेगळा फ्यूज. आम्ही वर्षाला जेमतेम 25-30 दिवस बोटीवर असतो. हजारो सायकल टिकणाऱ्या बॅटरीचं आम्ही करणार काय? काटकसर म्हणा हवं तर. मी मात्र हिशोब करून ठरवलं आणि त्यावर ठाम आहे.

पाण्याची बॅटरी मला मनापासून आवडते, पण ती सांगलीच्या गॅलरीत. बोट वाऱ्यात कलते, ॲसिड सांडू शकतं, आणि चार्ज होताना हायड्रोजन निघतो. हवेत त्याचं प्रमाण 4 टक्के झालं की ठिणगी पुरते. बॅटऱ्यांची पेटी मुलांच्या बिछान्याखाली आहे. म्हणून बंद डब्याच्या एजीएम घेतल्या (शिशाच्याच, पण ॲसिड काचेच्या तंतूंच्या गादीत शोषलेलं), शंभराच्या दोन, डीप सायकल. इंजिनाला वेगळी छोटी, आणि मधे व्होल्टेज पाहून आपोआप जोडणारा-तोडणारा रिले. वर 100 वॉटचं सोलर पॅनेल, उन्हाळ्यात दिवसाला तीसेक अँपिअर-अवर भरून देतं. शिशाची बॅटरी अर्धवट भरलेली पडून राहिली की पत्र्यांवर सल्फेट धरतं, तेही त्याने टळतं.

किनाऱ्याची 230 व्होल्ट वीज बोटीला जोडायची तर इथे विजेचं वॉरंट लागतं, चार वर्षांचं. बोट चालवायला लायसन्स लागत नाही, खासगी बोटीची नोंदणीही नाही, पण प्लग लावायला प्रमाणपत्र! आधी चिडलो. मग तपासनिसाने पाण्यात वीज उतरली तर पोहणाऱ्याचे हातपाय कसे आखडतात ते समजावलं, आणि माझी एक उघडी पडलेली वायर दाखवली. माझी मुलं त्याच धक्क्यावरून पाण्यात पाय सोडून बसतात.

इथलं कोस्टगार्डही आपल्यासारखं सशस्त्र दल नाही, स्वयंसेवकांची संस्था आहे. शिक्षक, सुतार आपली शनिवार-रविवारची सुट्टी त्यात घालतात. आम्ही आता वर्गणीदार आहोत आणि निघताना रेडिओवर कुठे चाललो, बोटीवर किती माणसं, हे कळवतो.

जुन्या बॅटऱ्या भंगारात वजनावर दिल्या. त्या मात्र स्वतः उचलून न्याव्या लागल्या. सांगलीत दुकानदार दारात येऊन जुनी नेतो आणि किमतीतून वजा करतो, ती पद्धत मला अजूनही जास्त शहाणी वाटते.

परवा पुन्हा कावाऊला गेलो, त्याच खाडीत. रात्रभर फ्रिज चालला. सकाळी मीटर 12.4 दाखवत होता. इंजिन पहिल्या किल्लीला लागलं. बाबांना फोटो पाठवला, दोन्ही बॅटऱ्या, नव्या वायरी, फ्यूज, सगळं दिसेल असा. त्यांचा लगेच फोन आला. आधी पाणी कुठून घालायचं ते विचारलं, बंद असते म्हटल्यावर थोडं थांबले. मग म्हणाले, "टर्मिनल कोरडी दिसतायत रे. खाऱ्या हवेत आहेत ती. व्हॅसलीन लावलं नाहीस?"

लावलं नव्हतं. डबी आणली आहे, शनिवारी जातोय.