आधी भेगा, मग फवारणी

आमचं घर मातीचं आहे. भंडारा जिल्ह्यातल्या धानपट्ट्यात अशी घरं अजून पुष्कळ आहेत. जाड भिंती, वर कवेलू, पुढे सपरी, म्हणजे ओसरी, आणि मागच्या भिंतीला लागूनच जनावरांचा कोठा. उन्हाळ्यात या घराइतकं गार काही नाही. पण याच भिंतींच्या भेगांत सँडफ्लाय, म्हणजे वाळूमाशी राहते आणि तिच्या चाव्यातून लहान लेकरांना चांदीपुरा हा विषाणूचा, मेंदूला सूज आणणारा आजार होऊ शकतो. ही माशी आम्ही घरातून कशी कमी केली ते लिहिते आहे. फवारणीवाले येऊन गेले की काम झालं असं आमच्याकडे बहुतेकांना वाटतं. खरं काम त्यांच्या येण्याआधी असतं, आणि ते गेल्यानंतरही.

चांदीपुरा हे आमच्या बाजूचंच गाव, नागपूर जिल्ह्यातलं. १९६५ साली तिथल्या तापाच्या रुग्णांच्या रक्तात हा विषाणू पहिल्यांदा सापडला, म्हणून त्याला गावाचं नाव मिळालं. २००३ मध्ये आंध्र प्रदेशात ३२९ मुलं आजारी पडली, त्यातली १८३ गेली. २००७ मध्ये आमच्या नागपूर विभागातही साथ आली होती. २०२४ च्या पावसाळ्यात गुजरातमधून पुन्हा बातम्या यायला लागल्या, तेव्हा माझा मुलगा अंगणवाडीत जात होता. हा आजार मुख्यतः पंधराच्या आतल्या मुलांना होतो. एकदम जोराचा ताप, उलट्या, झटके, मग शुद्ध हरपते. काही लेकरं एक-दोन दिवसांत हातची जातात. लस नाही, नेमकं औषध नाही. लवकर दवाखान्यात नेलं तर झटके आणि मेंदूची सूज सांभाळता येते, एवढाच आधार. ते वाचल्यावर मला घरातल्या प्रत्येक भेगेची भीती वाटायला लागली.

आमच्या आशाताईंनी त्याच पावसाळ्यात हिवताप विभागाच्या कीटक समाहारकांना, म्हणजे तपासणीसाठी किडे पकडणाऱ्या दादांना, गावात आणलं. त्यांनी साध्या कागदांना एरंडेल तेल लावलं आणि संध्याकाळी ते कागद काड्यांना खोचून भेगांजवळ उभे केले. काही कोठ्यात, काही आमच्या झोपायच्या खोलीत. सकाळी कागद उजेडात धरून त्यांनी मला भिंग दिलं. तेलात चिकटलेल्या त्या माश्या डासाच्या पाव आकाराच्याही नव्हत्या. मातकट रंग, अंगावर लव आणि पंख पाठीवर मिटलेले नाहीत, तर वर उभे धरलेले. इतकी वर्षं मी त्यांना चिलटं समजून हाताने झटकत आले होते. सगळ्यात जास्त माश्या कोठ्याच्या सामायिक भिंतीजवळच्या कागदावर होत्या. त्या भिंतीच्या अलीकडे माझा मुलगा झोपायचा.

दादांनी तिथेच बसून समजावलं. डासाच्या अळ्या पाण्यात वाढतात, म्हणून आपण कोरडा दिवस पाळतो, टाक्या घासतो. या माशीला साचलेलं पाणी लागतच नाही. ओलसर माती, शेण, कुजका कचरा आणि अंधार मिळाला की ती भेगेत अंडी घालते आणि अळ्या तिथेच ते कुजकं खाऊन वाढतात. मोठी माशी दिवसभर फटीत बसते, अंधार पडला की चावायला निघते. तिला दूर उडता येत नाही, टुणटुण उड्या मारत भिंतीवर सरकते. म्हणजे जी आपल्याला चावते ती आपल्याच घरात, फार तर शेजारच्या कोठ्यात वाढलेली असते. हे ऐकून मला उलट धीर आला. हा शत्रू लांबून येत नाही, त्याचं बीळ आपल्या हाताच्या अंतरावर आहे.

त्या वर्षी पावसामुळे भिंती ओल्या होत्या, नवीन माती वाळली नसती. म्हणून तेव्हा फक्त फवारणी झाली आणि भेगांचं काम आम्ही उन्हाळ्यावर ठेवलं.

२०२५ च्या वैशाखात मी आणि सासूबाई भिंती छाबायला, म्हणजे मातीने लिंपायला बसलो. आमच्याकडे छाबायच्या मातीत शेण घालतात. पण शेण हे अळ्यांचं खाणं, म्हणून भेगांत भरायच्या मातीत शेणाऐवजी चुना कालवायला सांगितलं होतं. सासूबाईंना ते पटेना. "शेणाबिगर माती धरन का?" त्यांचा प्रश्न अगदी बरोबर होता. नुसत्या मातीचा पहिला लेप वाळल्यावर तडकलाच. मग त्यांनीच धानाचं तणस बारीक कापून मातीत मिसळलं, वर चुना घातला आणि ती माती रात्रभर भिजत ठेवली. दुसऱ्या दिवशी तिला चांगला चिकटपणा आला. हे कोणत्याही पत्रकात लिहिलेलं नव्हतं, ते सासूबाईंच्या हातात होतं.

भेग नुसती वरून पुसून घेतली तर आत पोकळी राहते. म्हणून आधी विळ्याच्या टोकाने सैल माती खरवडून काढायची, आत पाण्याचा हबका मारायचा, मग बोटाने दाबून दाबून माती भरायची आणि अर्धवट वाळली की पुन्हा एक हात फिरवायचा. धानाच्या ढोलीमागे, चुलीच्या कोपऱ्यात, दाराच्या चौकटीला आणि जमिनीला भिंत मिळते त्या सांध्यात सगळ्यात जास्त फटी निघाल्या. उंदरांची बिळंही होती, ती विटांचे तुकडे ठोकून बुजवली. हे कष्टाचं आणि अतिशय संथ काम आहे. एका खोलीला वाटतं त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो. पण दिवा घेऊन भिंतीवर तिरपा उजेड टाकला की सुटलेली फट लगेच दिसते, ती युक्ती सगळ्यांनी करावी.

कोठ्याचा प्रश्न जास्त अवघड होता. जनावरं घरापासून लांब बांधावीत असं दादांनी सांगितलं होतं. मामाजी, म्हणजे माझे सासरे म्हणाले, "बैल रात्री डोळ्यासमोर पायजेत. चोरून नेले तं पेरणी कायनं करू?" बैलजोडीची किंमत पाहता त्यांचं काही चुकत नव्हतं. शेवटी जनावरं तिथेच राहिली, पण सामायिक भिंत दोन्ही बाजूंनी छाबली, कोठ्यातली शेण-मूत मुरलेली वरची माती खरडून काढली आणि खाली मुरूम दाबला. रोजचं शेण संध्याकाळच्या आत उचलायचं ठरवलं. भिंतीला लावून रचलेल्या गोवऱ्या आणि सरपण अंगणाच्या टोकाला गेलं. मुलाची खाट सामायिक भिंतीपासून काढून खोलीच्या मध्ये घेतली. साध्या मच्छरदाणीच्या जाळीतून ही माशी आत येते, म्हणून बारीक विणीची घेतली. गरम होतं, मूल कुरकुरतं, पण घेतली.

मृग लागायच्या सुमारास फवारणीचं पथक आलं. ही फवारणी सरकारी आहे, पैसे पडत नाहीत. तरी आमच्या आळीत काही दारं बंद राहिली. "फवारलं का ढेकणं वाढतेत" हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे. दादांनी सांगितलं की या औषधाने ढेकूण फारसे मरत नाहीत, पण त्रास होऊन फटींतून बाहेर येतात, म्हणून जास्त दिसतात. काहींना देवघराच्या भिंतीवर फवारा नको होता. आम्ही देव उचलून सपरीत पाटावर ठेवले, सासूबाईंनी तिथे दिवा लावला आणि भिंत मोकळी करून दिली.

त्या दिवशी धान्य, भांडी, पाणी, अंथरुणं सगळं बाहेर काढलं किंवा झाकलं. चूल विझवली. पंपवाले खालून सहा फुटांपर्यंत सारख्या पट्ट्यांत मारत गेले, कारण माशी त्याच उंचीत वावरते. मी त्यांच्यासोबत फिरून ढोलीमागचा कोपरा आणि कोठा सुटू दिला नाही. भिंती वाळेपर्यंत लेकरं, कोंबड्या बाहेर. नंतर जमीन झाडून मेलेले किडे पुरून टाकले, कोंबड्यांनी खाऊ नयेत म्हणून.

औषधाचा पातळ थर भिंतीवर अडीच-तीन महिने काम करतो, पण वरून सारवलं की तो मातीखाली जातो आणि सगळी मेहनत फुकट. आमच्याकडे नेमका त्याच काळात पोळा येतो. "पोळ्याले भिंती नाही सारवल्या तं घर कसं दिसन?" सासूबाईंच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं होतं. ज्या घराच्या भिंती त्यांनी सून म्हणून आल्यापासून सारवल्या, त्यांना पोतेरं लावायचं नाही हे सोपं नव्हतं. मग आम्ही अंगण आणि जमीन नेहमीसारखी सारवली, सपरीच्या बाहेरच्या, न फवारलेल्या भिंतीला चुना दिला, त्यावर गेरूने नक्षी काढली. आतल्या भिंतींवरचे औषधाचे पांढरट डाग तसेच ठेवले. बैलांना ओवाळलं त्या दारात घर सणाचंच दिसत होतं.

पोळ्यानंतर पुन्हा एरंडेलाचे कागद लावले. झोपायच्या खोलीतले कागद जवळजवळ रिकामे निघाले. कोठ्यात माश्या होत्या, आधीपेक्षा कमी. म्हणून ताप आला तर थांबायचं नाही, हे घरात सगळ्यांना पक्कं सांगून ठेवलं आहे. लेकराला जोराचा ताप आणि त्यासोबत उलटी, झटका किंवा गुंगी दिसली की अंगारा, घरगुती काढा काही नाही, रात्र असली तरी १०८ ला फोन करायचा.

घरकुलाच्या यादीत आमचं नाव आहे. पक्कं घर झालं तरी कोठा मातीचाच राहणार, तेव्हा छाबणं दरवर्षी आहेच. यंदा शेजारच्या काकूंनी त्यांची बाजू आमच्याबरोबर करायची म्हटली आहे. त्यांचा कोठा आमच्या भिंतीपासून चार पावलांवर आहे. चुना आम्ही दोघींनी मिळून आणला आहे, तणस कापायचं बाकी आहे.