देवांचं बिऱ्हाड

ग्रीक देव हल्ली न्यूयॉर्कला असतात. एम्पायर स्टेट बिल्डिंग, सहाशेवा मजला. खरी इमारत १०२ मजल्यांची, म्हणून वर जायला खालच्या पहारेकऱ्याकडून वेगळं कार्ड घ्यावं लागतं. हे रिक रायर्डनच्या ‘द लायटनिंग थीफ’मधलं. २००५ साली आलेली ही कादंबरी बारा-पंधरा वर्षांच्या मुलांसाठी आहे, पण शेजारच्या आठवीतल्या मुलाकडून आणून मी दोन रात्रींत संपवली.

देव अमेरिकेत कसे, याचं उत्तर लेखकाने देऊन ठेवलंय: पाश्चात्त्य संस्कृतीचं केंद्र जिकडे सरकतं तिकडे देवही सामान हलवतात. मला ही कल्पना फार धाडसी वाटली. शेजारच्या मुलाला मुळीच वाटली नाही. “मागीर कितें? आमचेय देव न्हंयेपलतडच्यान आयिल्ले न्हय?”

खरंच की. आम्ही गोव्यातल्या फोंड्याचे. मंगेश कुठ्ठाळीहून १५६०मध्ये प्रियोळला आला. केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला. साष्टीत पोर्तुगीज देवळं पाडत होते आणि फोंड्यावर अंमल आदिलशहाचा होता, म्हणून जुवारी नदीच्या अलीकडे देव सुरक्षित. रात्रीच्या अंधारात मूर्ती हलवल्याचं अजून घराघरांत सांगतात. ज्या पोराची कुलदेवताच अशी बिऱ्हाड बदलून आलेली, त्याला सहाशेव्या मजल्याचं काय कौतुक!

त्याला कौतुक आहे ते वेगळ्याच गोष्टींचं. नायक पर्सी बारा वर्षांचा, दरवर्षी शाळेतून काढलेला. पुस्तक उघडलं की अक्षरं पानावरून तरंगायला लागतात, वर्गात एका जागी बसवत नाही. मग कळतं, तो अर्धा देव आहे. त्याचा मेंदू मुळात प्राचीन ग्रीक वाचायला घडलाय आणि चुळबुळ ही रणांगणावरची सावधगिरी आहे! रायर्डन स्वतः आधी शाळामास्तर होता. त्याच्या मुलाला वाचनाची हीच अडचण होती. झोपताना सांगायच्या ग्रीक कथा संपल्या तेव्हा बापाने ही नवी रचली. प्रगतिपुस्तकावरच्या लाल शेऱ्यांचा असा अर्थ लावणारा मास्तर आम्हाला कुठला भेटायला!

शिवाय पर्सीची तलवार म्हणजे एक बॉलपेन. टोपण काढलं की तलवार, आणि हरवलं तरी आपोआप खिशात परत. शाळेत रोज पेन हरवणाऱ्या मुलाला यापुढे उडता गालिचा द्या, तो घेणार नाही.

मधला प्रवास मला जरा पाल्हाळिक वाटला. दर मुक्कामाला एक राक्षस, मारामारी, पुढचा मुक्काम. पण मृतांना पाताळात नेणारा शॅरन तिथे उंची इटालियन सूट घालून बसलाय आणि पगारवाढ मिळत नाही म्हणून कुरकुरतोय. असं पान आलं की मागचे तीन राक्षस माफ.

आणि पर्सीचा बाप, समुद्रदेव पोसायडन. राजवाड्यातल्या भेटीत तो अंगात नारळ-पोपट छापलेला शर्ट आणि खाली हाफपँट घालून, मासेमारीच्या खुर्चीसारख्या सिंहासनावर बसलेला आढळतो. कळंगुटच्या किनाऱ्यावर दिसतात तसले शर्ट! मी पोट धरून हसलो. मुलगा हसला नाही. त्याचे पप्पा बोटीवर असतात, कंत्राट संपलं की येतात, अंगात बहुधा असलाच शर्ट, आणि सुट्टी सरली की परत दर्यावर. पर्सीसमोर जन्मात पहिल्यांदा आलेला बाप प्रेमाने बोलतो, पण थोडा अवघडून, लांबूनच. मला तो देव थंड वाटला, तसं मी बोलूनही दाखवलं.

“थंड न्हय काका,” तो म्हणाला, “पयलो दीस आसा न्हय तो. पप्पाय पयल्या दिसा अशेच.”

मी मुकाट्याने ते पान परत वाचलं. बरोबर होतं त्याचं. लेखकाने सगळं लिहून ठेवलं होतं, मी शर्टातच अडकलो होतो.

आता त्याला दुसरा भाग हवाय. मूळ मालिकाच पाच भागांची होती हे त्याच्या आईला आम्ही दोघांनीही अजून सांगितलेलं नाही.