तुम्ही विचारलंत म्हणून: लाउराने 25व्या वर्षी का सोडलं?

माझ्या डेस्कच्या मागे भिंतीवर एक फोटो लावलेला आहे, पाठीवर रायफल, गालावर बर्फ, टोपीतून बाहेर आलेली वेणी. व्हिडिओ कॉलवर तो सगळ्यांना दिसतो आणि मग हमखास विचारतात, ही कोण गं? मी सांगते, लाउरा डालमायर, जर्मनीची बायथलॉनची चॅम्पियन, दोन ऑलिंपिक गोल्ड आणि सात वर्ल्ड चॅम्पियनशिप गोल्ड, आणि 25व्या वर्षी रिटायर झाली. की पुढचा प्रश्न आलाच, 25व्या वर्षी? का? एवढं सगळं मिळत असताना कोण सोडतं? आणि 2025च्या जुलैनंतर त्याला अजून एक प्रश्न जोडला गेलाय, मावशीने विचारला, शाळेच्या ग्रुपवर दोघी-तिघींनी विचारला, की खेळत राहिली असती तर आज असती ना ती?

इतक्यांदा अर्धवट उत्तर दिलंय की आता एकदा नीट लिहिते.

आधी खेळ काय आहे ते सांगते, कारण आपल्याकडे तो कोणी बघत नाही आणि मीही म्युनिकला राहायला येईपर्यंत नाव ऐकलं नव्हतं. पायात लांब सडपातळ स्की, पाठीवर किमान साडेतीन किलोची रायफल, जीव खाऊन चढ चढायचा, आणि मधेच रेंजवर थांबून 50 मीटरवरच्या पाच टार्गेटवर पाच गोळ्या. 50 मीटर म्हणजे क्रिकेटची अडीच पिचेस. झोपून मारायचं तेव्हा टार्गेट 45 मिलिमीटरचं, म्हणजे एखाद्या लिंबाएवढं, आणि उभं राहून मारताना 115 मिलिमीटरचं, आमटीच्या वाटीच्या तोंडाएवढं. एक गोळी चुकली की 150 मीटरचा एक जादा फेरा, आणि इंडिव्हिज्युअल नावाची जी लांब शर्यत असते त्यात प्रत्येक चुकीला सरळ एक मिनिट वाढतं. आता विचार करा, धावून धावून छाती भात्यासारखी हलतेय, बोटं गारठलीत, आणि त्यात तुम्हाला लिंबू टिपायचंय.

लाउरा ते कसं करायची ते जवळून बघण्यासारखं होतं. रेंजमध्ये शिरताना घाई नाही. पोल खाली, रायफल खांद्यावरून पुढे, नेम धरायच्या साइटवरचं, बर्फापासून जपणारं झाकण बोटाने उडवायचं, आडवं व्हायचं, पट्टा दंडाला, गाल लाकडाला, आणि मग एक श्वास जो अर्ध्यावर थांबतो. टक. काळ्या गोलावर पांढरी चकती येते. बोटाने बोल्ट मागे, अंगठ्याने पुढे, परत अर्धा श्वास, टक. पाचही पांढरे झाले की ती वर बघायचीसुद्धा नाही, उठली की निघाली. चणीने लहानखुरी होती पण चढावर तिच्यामागे राहणं भल्याभल्यांना जमायचं नाही. पळणारे वेगळे आणि नेमबाज वेगळे असतात बऱ्याचदा, हिच्यात दोन्ही होतं.

10 फेब्रुवारी 2018, शनिवार. कोरियात प्योंगचांगला रात्र होती, आमच्याकडे दुपारचे सव्वाबारा, मी कुकर लावला होता आणि शिट्ट्या मोजायचं विसरले. साडेसात किलोमीटरची स्प्रिंट, कडाक्याची थंडी, वर वारा, भले भले चुकत होते. लाउरा दहापैकी दहा. 24.2 सेकंदांनी जिंकली आणि त्या ऑलिंपिकमधलं जर्मनीचं पहिलं गोल्ड तिचं. दोन दिवसांनी परस्यूट, त्यात स्प्रिंटच्या अंतरानेच सुटायचं असतं म्हणजे ती सगळ्यात पुढे आणि बाकी सगळ्या मागून पाठलाग करणाऱ्या, चार वेळा शूटिंग, एकच गोळी चुकली, 29.4 सेकंदांनी परत गोल्ड. एकाच ऑलिंपिकमध्ये स्प्रिंट आणि परस्यूट दोन्ही जिंकणारी पहिली बाई. मग इंडिव्हिज्युअलमध्ये ब्राँझ. वय 24.

आणि तुम्हाला खरं सांगू का, माझ्या मते तिचं सगळ्यात मोठं काम ते नाहीच, ते एक वर्ष आधीचं, ऑस्ट्रियातल्या होखफिल्त्सेनचं. 2017ची वर्ल्ड चॅम्पियनशिप, अकरा दिवसांत सहा शर्यती, ती सहाही पळाली आणि सहाहीमध्ये पदक, पाच गोल्ड आणि एक सिल्व्हर. त्या एका शर्यतीत गोल्ड हुकलं तेही चार सेकंदांनी. एका वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये पाच गोल्ड तिच्याआधी कुणालाच मिळाली नव्हती, ना बायकांमध्ये ना पुरुषांमध्ये. त्याच सीझनला एकूण वर्ल्ड कपही, म्हणजे सीझनभराच्या शर्यतींच्या गुणांवर मिळतो तो, तिचाच.

मग दोन वर्षांनी, मे 2019 मध्ये, थांबते म्हणाली.

इथेच सगळे अडकतात, आणि इथेच मला वाटतं आपण क्रम उलटा लावतो. आपल्याला वाटतं की ती बायथलीट होती आणि नंतर हौस म्हणून डोंगरात गेली. तसं नाहीये. ती गार्मिश-पार्टेनकिर्शेनची. तुम्ही कधी म्युनिकला आलात तर तिथे जाऊन या, ट्रेनने दीडेक तास, स्टेशनवर उतरून मान वर केली की समोर आल्पस्पिट्झ आणि त्याच्या बाजूला त्सुगस्पिट्झ, जर्मनीतला सगळ्यात उंच डोंगर, 2962 मीटर. त्या गावात डोंगराला बघायला जावं लागत नाही, तोच घरात डोकावत असतो. आईवडील दोघंही डोंगरात रमणारे, पोरगी लहानपणापासून त्यांच्या मागे दोराला बांधलेली. डोंगर आधी होता. बायथलॉन नंतर आलं आणि त्यात ती इतकी चांगली निघाली की जगाला वाटलं हीच ती. 2014च्या उन्हाळ्यात तर क्लाइंबिंग करताना पायाला मोठी इजा झाली होती, तेव्हाही लोक म्हणालेच असतील की हे सोड आता. तिने सोडलं नाही आणि पुढच्या मार्चमध्ये वर्ल्ड चॅम्पियनशिपला रिलेचं गोल्ड घेऊन आली.

शेवटच्या सीझनला तब्येत साथ देत नव्हती, सुरुवातच उशिरा झाली. तरी 2019ला स्वीडनमध्ये ऑस्टरसुंडला वर्ल्ड चॅम्पियनशिपची दोन ब्राँझ मिळवली. थांबताना तिने कारण अगदी साधं दिलं होतं, की या खेळासाठी लागणारी शंभर टक्के ओढ आता आत उरलेली नाही. लोकांना यामागे काहीतरी लपलेलं असणार असं वाटतं, मला नाही वाटत. तिच्या आधीची माग्डालेना नॉयनर, तीही त्याच भागातली, बारा वर्ल्ड चॅम्पियनशिप गोल्डवाली, तीही 2012ला 25व्या वर्षीच थांबली होती. जाहिराती, मुलाखती, सगळ्यांची नजर, हे लाउराला कधी फार मानवलं नाही हे तिच्या मुलाखती बघितल्या की कळायचं, उत्तरं छोटी आणि खरी, आणि डोळे कॅमेऱ्याच्या पलीकडे.

सोडून ती बसली नाही. स्पोर्ट्स सायन्स शिकली, टीव्हीवर बायथलॉनची एक्स्पर्ट म्हणून यायची, आणि सरकारमान्य माउंटन गाइड झाली, ही परीक्षा काय चीज असते ते इथल्या डोंगरवाल्यांना विचारा, वर्षं जातात. शिवाय बेर्गवाख्टमध्ये होती, म्हणजे डोंगरात अडकलेल्यांना सोडवणारे स्वयंसेवक, आपल्या लोणावळ्याचे शिवदुर्गवाले जसे रात्री-अपरात्री, पावसात, घाटात उतरतात तसे. मला तिच्या सगळ्या पदकांइतकंच हे आवडायचं. 2024च्या नोव्हेंबरला नेपाळमध्ये 6800 मीटरच्या वरच्या आमा दबलमला बेसकॅम्पवरून निघून शिखर करून बारा तासांच्या आसपास परत बेसकॅम्पला आली. या गोष्टीला ऑलिंपिकसारखी पदकं नसतात.

आता तो दुसरा प्रश्न. 2025च्या जुलैमध्ये ती पाकिस्तानात काराकोरममध्ये होती, मरीना क्राउस ही तिची क्लाइंबिंगची जोडीदार बरोबर. महिन्याच्या सुरुवातीला दोघींनी ग्रेट ट्रँगो टॉवर नावाचं शिखर केलं होतं. मग लैला पीक, सहा हजारांच्या वरचा, सुरीचं टोक वर करून ठेवल्यासारखा दिसणारा. 28 जुलैला दुपारी 5700 मीटरच्या आसपास वरून दगड कोसळले आणि तिला लागले. मरीनाने लगेच मदत मागवली पण जागा अशी की हेलिकॉप्टर दुसऱ्या दिवशी सकाळी पोचलं, वरून बघितलं तर काही हालचाल नव्हती. 31 वर्षांची होती, ऑगस्टमध्ये 32 झाली असती.

खेळत राहिली असती तर? मावशी, ती खेळत होती तेव्हाही प्रत्येक उन्हाळ्यात कड्यावरच असायची. मेडल घेत असतानाही दगड वरून पडतच होते. मी स्वतः सह्याद्रीत दोरावर लटकलेय, लिंगाण्यावर वरच्या ग्रुपच्या पायाखालून निसटलेला, मुठीएवढा दगड कानाजवळून गेलाय, तो आवाज अजून आठवतो, भुंग्यासारखा. त्यात माझी चूक नव्हती आणि मी वाचले त्यात माझं कौशल्यही नव्हतं. तिचं असं झालं याचं मला अजून फार वाईट वाटतं, ती बातमी वाचली त्या दिवशी मी ऑफिसमधून लवकर घरी आले. पण म्हणून 2019चा तिचा निर्णय चुकला असं मी म्हणणार नाही.

आणि तिसरं, जे सगळे जरा आवाज खाली करून विचारतात: तिला आणलंसुद्धा नाही का गं खाली? नाही आणलं. तिने आधीच लिहून ठेवलं होतं, माझं असं काही झालं तर मला आणायला कुणी जिवावर उदार होऊन जायचं नाही, मी डोंगरातच राहीन. जी स्वतः रेस्क्यूला जायची तिला नेमकं माहीत होतं ना की वर कोण येतं, ती माणसंही कुणाचे तरी मुलगे-मुली असतात. थॉमस हुबर आणि इतर नावाजलेले गिर्यारोहक तिथेच काराकोरममध्ये होते, ते मदतीला धावले, पण दगड पडायचे थांबत नव्हते आणि तिचं म्हणणं सगळ्यांनी मानलं. घरच्यांनीही.

हे मी फोनवर आईला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारलं, "आणि ती बरोबरची मुलगी? ती सुखरूप उतरली ना?"

उतरली, म्हटलं. उतरली.