साक्ष बिघडेल म्हणून

रविवार, रात्री

आज बायबलमधल्या, पौलाने लिहिलेल्या गलतीकरांस पत्राचा दुसरा अध्याय काढून बसले. अंत्युखिया शहरात येशूचा शिष्य पेत्र परराष्ट्रीय, म्हणजे यहूदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांबरोबर एका पंक्तीला बसून जेवत असे. मग यरुशलेमच्या मंडळीचा (चर्चचा) पुढारी याकोब याच्याकडून काही माणसं आली. कट्टर यहूद्यांना असं एकत्र जेवणं चालत नसे, म्हणून पेत्र हळूच बाजूला सरकला. त्याचं पाहून बाकीचे यहूदी सरकले, अगदी पौलाचा सोबती बर्णबासुद्धा वाहवत गेला. पौलाने मग सर्वांसमोर त्याला तोंडावर विचारलं. पेत्राला सत्य ठाऊक नव्हतं असं नाही. आपली माणसं काय म्हणतील, एवढीच भीती. त्या वेळी त्याच्यासमोर ना तुरुंग होता ना तलवार. कोणाच्या तरी नजरेतून उतरायचं नव्हतं, बस्स.

ढोंग म्हटलं की आम्ही परुश्यांकडे, म्हणजे येशूच्या काळातल्या कर्मठ यहूदी पंथाकडे, बोट दाखवतो. पुदिना, शेप, जिरे यांचा दशमांश देऊन न्याय आणि दया सोडून देणारे ते. मत्तयाचा तेविसावा अध्याय त्यांच्यासाठीच लिहिला आहे, अशा थाटात आम्ही तो ऐकतो. अंत्युखियातला प्रसंग मात्र आतल्या माणसांचा आहे, तोही प्रेषितांचा. बहुधा म्हणूनच त्यावर उपदेश क्वचित होतो.

सकाळी उपासनेनंतरच्या सभेत एका बहिणीने विचारलं, गरजूंच्या मदतनिधीतली रक्कम नेमकी कोणाला दिली? साधा प्रश्न. उत्तराऐवजी तिला सांगण्यात आलं की या विषयासाठी प्रार्थना करू या, आणि ही गोष्ट बाहेर जायला नको, मंडळीची साक्ष, म्हणजे जगासमोरचं नाव, बिघडेल. मग एकाने स्तोत्र 105 ची आठवण दिली: माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका. हे वचन आहे अब्राहाम, इसहाक, याकोब यांच्याविषयी. परक्या देशांत भटकणारी, बळ नसलेली माणसं. त्यांना राजांनी त्रास देऊ नये म्हणून देव बजावतो. दुर्बळांच्या रक्षणासाठी असलेलं हे वचन आज कमिटीची ढाल झालं. वचनं पाठ असणं हे नेहमीच आशीर्वादाचं असतं असं नाही!

दुसऱ्याने 1 तीमथ्य 5:19 काढलं. दोघा-तिघा साक्षीदारांवाचून वडिलांवरचा, म्हणजे मंडळीच्या पुढाऱ्यांवरचा, आरोप दाखल करून घेऊ नये. बरोबर आहे, कोणाचं नाव उगाच खराब होऊ नये. पण विसावं वचन कोणी वाचलं नाही. पाप करत राहणाऱ्यांना सर्वांसमक्ष दोष दे, म्हणजे इतरांनाही भय वाटेल, असं तिथे आहे. पानही उलटावं लागत नाही, त्याच्याच खाली छापलेलं आहे.

साक्षीच्या या काळजीचं मला खरंच नवल वाटतं. पौलाने पेत्राची चूक पत्रात लिहिली, आणि ते पत्र एका माणसाला नव्हे, गलतीयातल्या मंडळ्यांना पाठवलं. पेत्राने प्रभूला नाकारलं, ते चारही शुभवर्तमानांत आहे. दावीद राजाच्या स्तोत्र 51 च्या माथ्यावर तर ज्या परस्त्रीशी त्याने पाप केलं त्या बथशेबाचं नाव आहे, आणि वर मुख्य गवयासाठी अशी सूचना. म्हणजे राजाचं पाप झाकायचं सोडून त्याचं गाणं झालं आणि ते लोकांनी गायचं! साक्ष बिघडेल म्हणून यातलं काही वगळावं असं त्या लोकांना वाटलं नाही. आम्हाला मात्र एका हिशेबवहीची भीती वाटते.

याहून जास्त बोचतं ते क्षमेचं. ज्याला दुखावलं त्याच्याच दारात आम्ही आधी जातो आणि म्हणतो, ख्रिस्ती आहेस ना, सोडून दे. लूकच्या सतराव्या अध्यायात येशूने क्रम वेगळा सांगितला आहे. भावाने अपराध केला तर त्याला दटाव, पश्चात्ताप केला तर क्षमा कर. दिवसातून सात वेळा करावी लागली तरी कर. यातलं दटावणं गाळलं की क्षमा फार स्वस्त पडते, अपराध करणाऱ्याला तर अगदी फुकट. ज्या बायका घरातला मार सोसून दर रविवारी येतात त्यांना हा अर्धाच धडा ऐकवला जातो, आणि तो ऐकवणाऱ्यांत बायकाही असतात. यावर मला सविस्तर लिहायचं आहे, आज नको. आज लिहिलं तर रागाने लिहीन.

त्या बहिणीच्या बाजूने मी सभेत बोलले नाही. तिथे बोलावं की नाही, हेच ठरत नव्हतं. पौल चारचौघांत बोलला, तर मत्तय 18 म्हणतो, आधी एकांतात जा. दोन्ही शास्त्रच. पण पेत्राचं वागणं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं, इथे अजून हिशेबच कोणी पाहिलेला नाही. तेव्हा आधी पाळकांना एकटं भेटायचं आणि वही बघायला मागायची. नाही म्हणाले तर त्या बहिणीला आणि आणखी एका वडिलांना घेऊन जायचं. पुढची पायरी त्याच अध्यायात दिलेली आहे. पाळकांना उद्या सकाळी फोन करते.