करवलीने किती मिरवावं?

अमेरिकेतल्या कॉलेजांसाठी कॉमन अ‍ॅपवर, म्हणजे अनेक कॉलेजांना चालणाऱ्या सामायिक ऑनलाइन अर्जात, मुख्य निबंध लिहायचा, तर जागा मिळते जास्तीत जास्त ६५० शब्दांची. कॅलिफोर्निया विद्यापीठाचा अर्ज वेगळा. तिथे आठ प्रश्नांतले चार निवडायचे, प्रत्येकी ३५० शब्दांत. एवढ्याशा जागेत मुलं लाडका सुपरहीरो, अ‍ॅनिमेतला योद्धा, नाहीतर कोरियन बँड घेऊन येतात. आणायला हरकत काहीच नाही. पण लग्न नवरीचं आणि मांडवभर मिरवते करवली, असं होऊन बसतं.

बिघडतं ते बहुधा पहिल्याच परिच्छेदात. सुरुवातीला गाजलेला संवाद. शब्द दुसऱ्याचे, पण मोजले जातात आपल्या खात्यात! मग गोष्ट सांगणं. त्यात दीडशे शब्द गेले की ६५०चा जवळजवळ चौथा हिस्सा संपला, आणि वाचणाऱ्याची ओळख झाली ती पात्राशी.

समजा, पुण्याची एक मुलगी ध्वनितंत्र शिकायला निघाली आहे आणि तिला ‘सैराट’वर लिहायचंय. आर्ची-परश्या आपल्याकडे घराघरांत ठाऊक. अर्ज वाचणाऱ्याला ठाऊक असतील असं धरून चालू नये. ओळखीला अर्धं वाक्य द्यावं: ‘दोन जातींतल्या प्रेमिकांचा २०१६ चा मराठी चित्रपट’. बस्स. कथा नको, कमाईचे आकडे तर नकोच. तडक शेवटावर यावं. गाण्यांनी दणाणलेला तो पडदा तिथे मुका होतो. ती शांतता ऐकून मुलीने पुढे काय केलं, इथून निबंध सुरू होतो. नाटकाच्या तालमीत तिने एका प्रवेशाचं संगीत काढून टाकलं. बघणारे चुळबुळले, खोकले. दुसऱ्या वेळी तिने फक्त पंख्याची घरघर ठेवली, आणि प्रवेश उभा राहिला. सिनेमाला चाळीस-पन्नास शब्द, बाकीचे सगळे या खटाटोपाला.

बेत जमलाय का, हे तपासायला सिनेमाचं नाव खोडून पाहावं. उरलेला मजकूर कुणाच्याही निबंधात खपत असेल, तर नाव नुसतं टांगलेलं होतं. उलट, नाव गेल्यावरही ती पंख्याची घरघर ऐकू येत असेल, तर ठेवावं खुशाल.

मीम मात्र टाळावं. ऑगस्टमध्ये लिहिलेला अर्ज जानेवारी-फेब्रुवारीत वाचला जाऊ शकतो. तोवर विनोदाला वास येतो. थट्टामस्करीची हौस असेल, तर शिकागो विद्यापीठाचे पुरवणी प्रश्न आहेत. चित्रांच्या गर्दीत दडणारा वॉल्डो खरंच कुठे आहे, असं त्यांनीच एकदा विचारलं होतं.

शेवटी निबंध अशा माणसाला वाचून दाखवावा, ज्याने तो सिनेमा पाहिलेला नाही. त्याने मध्येच ‘हा कोण?’ विचारलं, तर ओळख तोकडी पडली. संपल्यावर ‘कुठे बघायला मिळेल गं हा सिनेमा?’ एवढंच विचारलं, तर पुन्हा लिहायला बसावं.