दक्षिणेचं ऊन

नवीन वर्ष लागलं तसा बायकोने फ्रिजवर कागद चिकटवला. सकाळी फिरणं, साखर कमी, रात्री दहाला मोबाइल बंद. कागद चांगलाच आहे. पण जानेवारीत पहाटे अंबाझरी तलावावर फिरायला जायचं तर आधी दुलईतून पाय बाहेर काढावा लागतो, आणि गाडं तिथंच अडतं. २९ डिसेंबर २०१८ ला नागपूरचा पारा ३.५ अंशांवर उतरला होता. वादात मी अजून तोच आकडा पुढे करतो.

काल दुपारी बाबा गॅलरीत बसले होते. पाय कठड्यावर, मांडीवर ताट, ताटात तुरीच्या शेंगा. "आत काय करून राहिला? उन्हात ये ना."

आपली जुनी घरं उन्हाळ्याच्या धाकाने बांधलेली. मे महिन्यात त्या जाड भिंतींना माणूस दुवा देतो, पण थंडीत घरात फरशीवर पाय ठेववत नाही आणि बाहेर मस्त ऊब. म्हणून नागपूरच्या महाल या जुन्या वस्तीतल्या आमच्या घरी दुपारी अख्खं बिऱ्हाड अंगणात यायचं. आजीची बाज उन्हामागे सरकायची. सकाळी विहिरीशी, दुपारी तुळशीपाशी, चारला पार फाटकाला टेकून. आम्ही पोरं भोवती सोले काढत बसायचो. नखाने शेंगेची शिवण उसवायची, अंगठा फिरवला की दाणे टपटप ताटात. अळी निघाली की ती शेंग गुपचूप भावाच्या ढिगात. निम्मे सोले कच्चेच पोटात जायचे, उरलेल्यांचा सोलेभात. वर संत्री, आणि सालीची पिचकारी एकमेकांच्या डोळ्यांत. तब्येतीसाठी म्हणून कोणी उन्हात बसत नव्हतं.

आणि आता माझ्या रिपोर्टात ड जीवनसत्त्व कमी! मे महिन्यात ४५ अंशांत भाजून निघणाऱ्या गावात! डॉक्टर म्हणाले, काचेआडचं ऊन उपयोगाचं नाही, लागणारे किरण काचच अडवते. म्हणजे ऑफिसात खिडकीची जागा भांडून मिळवली ती फुकट.

आमचा हा फ्लॅट दक्षिणमुखी म्हणून कोणी घेत नव्हतं, आम्हाला स्वस्तात पडला. वास्तूवाले काय म्हणायचं ते म्हणोत. मेच्या अखेरीस सूर्य थेट डोक्यावर, तेव्हा वरच्या स्लॅबची सावली असते. हिवाळ्यात तो दक्षिणेला कलतो आणि ऊन गॅलरी ओलांडून दिवाणापर्यंत येतं. बाबांची गुडघ्याची कुरकुर डिसेंबरपासून बंद आहे. गोळ्यांमुळे असेल म्हणा.

समोरच्या रिकाम्या प्लॉटवर परवा बोअरवेलची गाडी आली. सात मजले होणार म्हणतात. २२ डिसेंबरला नागपुरात भर दुपारी सूर्य जेमतेम ४५ अंश वर असतो, म्हणजे इमारत जेवढी उंच तेवढीच तिची सावली लांब. मधला रस्ता ३० फुटांचा. बाबांना अजून बोललो नाही.