दारात उभं राहून काय मागायचं

परवा एका मैत्रिणीचा फोन आला, तिने चर्चमध्ये जाऊन फादरांना सांगितलं की मला कॅथलिक व्हायचंय, आणि आता तिची प्रौढांसाठीची तयारी सुरू होणार आहे. पहिलाच प्रश्न तिने मला विचारला तो असा, "अगं शेवटी परीक्षा असते का? किती पाठ करावं लागतं?" मी काही वर्षांपूर्वी अगदी हेच विचारलं होतं, त्यामुळे फोनवर थोडक्यात काहीतरी सांगून टाकणं मला जमेना. म्हणून इथे नीट लिहितेय, तिच्यासाठी आणि तिच्यासारख्या अजून कोणासाठी.

परीक्षा नसते. धर्मशिक्षण असतं, बायबल वाचायचं असतं, प्रार्थना शिकायच्या असतात, कॅथलिक शिकवणीचं ते जाडजूड पुस्तक असतं, कॅटेकिझम, १९९२ सालचं, त्यात २८६५ परिच्छेद आहेत, पण ते पाठ करून कोणी ख्रिस्ती होत नाही. मला हे कळायला मात्र बराच वेळ लागला आणि ते कळलं एका दारात.

तयारीचा पहिला मोठा विधी चर्चच्या दाराशी होतो. सुरुवातीचे काही महिने फक्त प्रश्न विचारायचे असतात, कसलंही बंधन नसतं, यायचं, बसायचं, मनातलं बोलायचं, नको वाटलं तर थांबायचं. मग ज्याला पुढे जायचंय त्याला दाराशी उभं करतात आणि फादर विचारतात, तू देवाच्या ख्रिस्तसभेकडे, म्हणजे चर्चकडे, काय मागतेस? आणि त्याचं उत्तर असतं, श्रद्धा. आदल्या रात्री मी त्या एका शब्दावर अडून बसले होते कारण मला वाटत होतं की श्रद्धा तर मीच घेऊन जायला हवी ना, ती माझ्याकडे पुरेशी आहे हे दाखवायला हवं, तरच आत घेतील, आणि माझ्याकडे तर शंकाच जास्त होत्या. मग लक्षात आलं की ज्याच्याकडे जे नसतं तेच तो मागतो. चर्चला हे माहीत आहे, म्हणून तर प्रश्न तसा ठेवलाय. तुझ्याकडे काय आहे असं कोणी विचारतच नाही.

त्यानंतर कपाळावर क्रूसाची खूण करतात, मग कानांवर, डोळ्यांवर, ओठांवर, छातीवर, खांद्यांवर. हातांवर आणि पायांवरही करता येते आणि आमच्याकडे केली. हे स्पॉन्सर करतात, म्हणजे तयारीत आपल्या सोबतीला असणारी श्रद्धावान व्यक्ती. माझ्या स्पॉन्सर वयाने मोठ्या, मी त्यांना मावशी म्हणते, गुडघे दुखायचे त्यांचे, आणि त्या सगळ्यांसमोर हळूहळू खाली वाकून माझ्या पावलांवर क्रूस काढत होत्या. मी आयुष्यभर मोठ्यांच्या पायाशी वाकलेली, माझ्या पायाशी असं कोणी वाकलं नव्हतं. त्या दिवशी मी आतून हलले, आणि तो संपूर्ण प्रवास म्हणजे काय हे त्या वाकण्यातच मला पहिल्यांदा दिसलं.

या तयारीला पूर्वी आरसीआयए म्हणायचे, आता काही ठिकाणी ओसीआयए म्हणतात, नाव बदललं तरी गोष्ट तीच. कोणाला वाटेल हा आधुनिक काळातला कोर्स आहे, पण हा मार्ग फार जुना आहे. पहिल्या काही शतकांत दीक्षार्थी लोक, म्हणजे बाप्तिस्म्याची तयारी करणारे, वर्षानुवर्षं तयारी करायचे, तीन वर्षांचासुद्धा उल्लेख सापडतो. संत ऑगस्टीनला लहानपणीच दीक्षार्थी म्हणून क्रूसाची खूण केली होती आणि बाप्तिस्मा झाला तो ३८७ सालच्या ईस्टरच्या रात्री, मिलानमध्ये, बिशप अँब्रोज यांच्या हातून, तेव्हा तो बत्तीस वर्षांचा होता. मधली सगळी वर्षं तो कुठे कुठे भरकटून आला हे त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. मला यातून फार धीर येतो. पुढे बहुतेकांचा बाप्तिस्मा तान्हेपणीच व्हायला लागला आणि प्रौढांची ही वाट जवळजवळ बुजली, ती जगभरच्या बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये परत सुरू करायला सांगितली आणि १९७२ मध्ये नवा विधी आला.

आता त्या मधल्या लांब टप्प्याबद्दल, कारण खरी घडण तिथे होते. दीक्षार्थी दर रविवारी मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेला, येतात, वाचनं ऐकतात, प्रवचन ऐकतात, आणि मग त्यांना प्रेमाने निरोप देतात, म्हणजे पुढच्या ख्रिस्तप्रसादाच्या, ख्रिस्ताचं शरीर म्हणून भाकर घेण्याच्या, भागाला ते थांबत नाहीत, बाहेर जाऊन त्या दिवसाच्या वाचनावर एकत्र बोलतात. सगळ्या चर्चमध्ये हे पाळतात असं नाही. आमच्याकडे पाळायचे, आणि पहिले काही रविवार मला ते खूप लागलं, सगळे आत आणि मी उठून बाहेर. पण मग हळूहळू असं व्हायला लागलं की रविवार जवळ आला की भूक लागल्यासारखं वाटायचं, खरोखरची भूक, आणि मला आज मनापासून वाटतं की ती भूक लागली नसती तर पहिल्या ख्रिस्तप्रसादाची चव मला कळली नसती. त्यामुळे कोणी तुम्हाला म्हणालं की इतके महिने कशाला, पटकन करून टाकू, तर माझा सल्ला, नको. वाट बघणं हाच त्यातला मोठा भाग आहे.

आणि एक गोष्ट जी कोणी फारशी सांगत नाही. दीक्षार्थी झालात की त्याच दिवसापासून तुम्ही चर्चचे असता. मधेच मरण आलं तर चर्चच्या विधीने अंत्यसंस्कार होऊ शकतो, चर्चचा कायदाच तसा आहे. तेव्हा मी घरातल्या एका मोठ्या आजारपणातून जात होते आणि हे ऐकून मला किती बरं वाटलं ते शब्दांत नाही सांगता येत.

अजून एक अगदी व्यवहारातली गोष्ट. आधी लग्न होऊन मोडलं असेल, किंवा दुसरं लग्न झालेलं असेल, तुमचं किंवा जोडीदाराचं, तर ते फादरांना पहिल्या भेटीतच सांगा. लाजू नका, लपवू नका. त्याची चौकशी व्हायला वेळ लागतो आणि ईस्टर तोंडावर आल्यावर हे निघालं तर फार त्रास होतो, मी एकीला त्या दुःखात बघितलंय.

मग येतो ईस्टरच्या आधीचा प्रायश्चित्तकाळ, लेंट. पहिल्या रविवारी बिशपांसमोर नावं वाचली जातात, पुस्तकात नाव नोंदवतात. आणि तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या रविवारी तीन खास विधी असतात, इंग्रजीत स्क्रूटिनी म्हणतात, आणि त्या शब्दाने मी पुन्हा घाबरले, की झालं, आली परीक्षा. प्रत्यक्षात तुम्ही मान खाली घालून उभे असता नाहीतर गुडघे टेकता आणि सगळं चर्च तुमच्यासाठी प्रार्थना करतं, की जे कमकुवत आहे ते बरं होवो, जे चांगलं आहे ते बळकट होवो. बस. कोणी काही विचारत नाही.

या तीन रविवारी योहानाच्या शुभवर्तमानातल्या तीन गोष्टी वाचतात आणि त्या मी इतक्या वेळा वाचल्यात तरी संपत नाहीत. पहिली शोमरोनी बाईची, विहिरीवरची. तिथे दमलेला येशू आधी तिच्याकडेच पाणी मागतो. म्हणजे आपण दारात उभं राहून मागतो त्याच्या कितीतरी आधी तोच आपल्याकडे काहीतरी मागत बसलेला असतो. दुसरी जन्मांध माणसाची, त्याला बरं झाल्यावर लोक पुन्हा पुन्हा उलटसुलट विचारतात आणि तो म्हणतो, ते मला माहीत नाही, एवढं माहीत आहे की मी आंधळा होतो आणि आता मला दिसतंय. घरच्यांनी मला शंभर प्रश्न विचारले तेव्हा माझ्याकडेही याच्यापेक्षा जास्त उत्तर नव्हतं. तिसरी लाजरसची, तो तर मेलेला, त्याला काहीच करता येत नाही, हाक ऐकून तो बाहेर येतो तेव्हाही हातपाय बांधलेलेच असतात आणि येशू बाजूच्यांना सांगतो, सोडा याला, जाऊ द्या. सोडवणारे दुसरे असतात. माझ्या बाबतीत मावशी होत्या.

आता कन्फर्मेशन, म्हणजे दृढीकरण, कारण याबद्दल सगळ्यात जास्त गोंधळ असतो. ज्यांचा तान्हेपणी बाप्तिस्मा झालाय पण पुढे काहीच झालं नाही असे मोठे लोकही आमच्या ग्रुपमध्ये होते. त्यांचा बाप्तिस्मा परत होत नाही, एकदाच होतो, आणि दुसऱ्या ख्रिस्ती पंथात पाण्याने आणि पिता, पुत्र, पवित्र आत्मा यांच्या नावाने नीट झालेला असेल तरी तो मानतात. त्यांना पापनिवेदन करून दृढीकरण आणि ख्रिस्तप्रसाद घ्यायचा असतो. त्यांच्यातला एक जण म्हणायचा की आईवडिलांनी तेव्हा माझ्या वतीने हो म्हटलं, आता मी स्वतः कन्फर्म करतोय. असं खूप जण म्हणतात, शिकवणारेसुद्धा. मला हे अर्धंच खरं वाटतं. स्वतःचा होकार लागतोच, नाहीतर कशाला आलो, पण त्या विधीत कन्फर्म करणारे आपण नसतो. बिशप अंगठ्याने कपाळावर तेलाचा क्रूस करतात आणि जे म्हणतात त्या वाक्याचा मूळ लॅटिन अर्थ असा आहे, पवित्र आत्म्याच्या दानाची मुद्रा स्वीकार. स्वीकार. आपण फक्त आमेन म्हणायचं. सध्याचं हे वाक्य पोप सहावे पॉल यांनी १९७१ मध्ये ठरवून दिलं.

आणि बघा, पूर्वेकडच्या चर्चमध्ये तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा, तेलाचा अभिषेक आणि ख्रिस्तप्रसाद हे सगळं एकदमच देतात. महिन्याच्या बाळाला जर हे मिळू शकतं तर ते मोठं झाल्याचं सर्टिफिकेट कसं असेल? पश्चिमेकडेही जुना क्रम बाप्तिस्मा, दृढीकरण, मग ख्रिस्तप्रसाद असाच होता, १९१० मध्ये पोप दहावे पायस यांनी लहान मुलांना लवकर ख्रिस्तप्रसाद द्यायला सांगितलं आणि बऱ्याच ठिकाणी दृढीकरण मागे राहिलं, त्यामुळे ते शाळा संपल्यावरच्या पदवीसारखं वाटायला लागलं. प्रौढांचा बाप्तिस्मा होतो तेव्हा मात्र तिन्ही संस्कार त्याच रात्री, जुन्या क्रमाने, आणि तेव्हा बाप्तिस्मा देणारे फादरच दृढीकरणही देतात.

ते तेल म्हणजे क्रिझम, ऑलिव्हच्या तेलात बाल्समचा सुगंध मिसळलेला असतो आणि बिशप पवित्र आठवड्यात ते आशीर्वादित करतात. स्वतःच्या कपाळाला ते स्वतः लावता येत नाही. लावताना स्पॉन्सरचा उजवा हात खांद्यावर असतो. ईस्टरच्या रात्रीचं मला काय काय आठवतं, बाहेरची आग, अंधारात पुढे जाणारी ती एक मोठी मेणबत्ती, एकामागून एक वाचनं, डोक्यावरून ओतलेलं गार पाणी, पण सगळ्यात जास्त आठवतो तो मावशींच्या हाताचा भार आणि तो वास. दुसऱ्या दिवशी सकाळीही कपाळाला वास येत होता आणि मी कितीतरी वेळ तोंड धुतलं नाही.

नंतरचे पन्नास दिवस, पेंटेकॉस्टपर्यंत, म्हणजे पवित्र आत्मा आल्याच्या सणापर्यंत, जे घडलं त्याचा अर्थ उलगडत जाण्यासाठी असतात. याच काळात खूप जण यायचे बंद होतात, आणि मला यात चूक आपली, जुन्या लोकांची वाटते. इतके महिने सोबत करायची आणि मग सोमवारी कोणी फोनही करायचा नाही, असं कसं चालेल. मावशी मला दर आठवड्याला फोन करायच्या, अजून करतात.

तर मैत्रिणीने विचारलंय की तू माझी स्पॉन्सर होशील का. नियमाने स्पॉन्सर साधारण सोळा वर्षांच्या वर, दृढीकरण झालेला, श्रद्धेला धरून जगणारा कॅथलिक हवा, सख्खे आईवडील चालत नाहीत. मी हो म्हटलं आणि मग रात्रभर झोप नाही, कारण आता वाकायची पाळी माझी. दाराशी काय म्हणायचं ते ती परत परत विचारतेय, मी सांगितलं एकच शब्द आहे, तुझ्याकडे तो नसला तरी चालेल, तोच मागायचाय. मग मावशींना फोन करून विचारलं, खांद्यांनंतर हात आणि मग शेवटी पाय ना? हो म्हणाल्या, आणि पायांशी घाई करू नकोस.